शरदात मराठवाड्यातला छोटा डोंगर आणि वाट सोडून भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला, सोयाबीन कापणीला आलं आणि आभाळ निवळलं की डोंगराबद्दलची विचारणा सुरू होते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः उत्तरेकडची अजिंठ्याची रांग आणि दक्षिणेकडचा बालाघाट डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

मराठवाड्यात चढण्यासारखे डोंगर आहेत तरी कुठे?

भरपूर आहेत. कन्नड, सिल्लोड, सोयगाव या तालुक्यांच्या कडेने अजिंठ्याची रांग जाते. बीड, धारूर, अंबाजोगाईपासून धाराशिवपर्यंत बालाघाट पसरला आहे. पूर्वेला किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आणि डोंगर आहेत. आपलं पठारच मुळात समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटरवर आहे, त्यामुळे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण बहुतेक ठिकाणी शे-दोनशे मीटरच भरते. तासा-दीड तासात माणूस वर पोचतो. म्हणून अनेक जण या डोंगरांना टेकड्या म्हणून सोडून देतात आणि रात्रभर गाडी चालवून सह्याद्री गाठतात. मला ते पटत नाही. घराजवळचा डोंगर चारही बाजूंनी ओळखीचा असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती एका चढाईत साधत नाही.

शरदातच का? पावसाळ्यात हिरवळ जास्त असते ना?

हिरवळ असते, पण शेवाळलेला कातळ आणि चिखलही असतो. पाऊस मराठवाड्यातून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काढता पाय घेतो. त्यानंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. ओढ्यांत अजून पाणी असतं, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि माथ्यावरून दूरची गावं नीट दिसतात. उतारांवर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे असतात, तेरडा संपत आलेला असतो, खाली शेतात तूर फुलायला लागते. दुपारी मात्र ऑक्टोबरचं ऊन चांगलंच लागतं, पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास जातो. सूर्य उगवताना पायथ्याला असायला हवं आणि अकराच्या आत मोठी चढण संपायला हवी.

संध्याकाळचा हिशेबही आधी करून ठेवा. छत्रपती संभाजीनगरकडे ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यात पावणेसहालाच. डोंगराच्या पूर्व अंगाला त्याच्या बरंच आधी सावली पडते.

पहिल्यांदा जातोय. कुठे जाऊ?

जिथे मळलेली वाट आहे आणि माणसांचा वावर आहे, तिथे. संभाजीनगरकरांसाठी शरणापूरजवळचा भांगसीमातेचा गड सोपा आहे. खुलताबादजवळचं सुलीभंजनही चांगलं. अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे गेलात तर बालाघाटाची दरी कशी असते ते कळतं. धाराशिवच्या लोकांना शहराजवळच्या लेण्यांचा डोंगर आहे. दोन-चार डोंगर सरावाचे झाले की मग सोयगाव-कन्नडकडचे वेताळवाडी, सुतोंडा, अंतूर, जंजाळा हे किल्ले करावेत.

वाट सोडायची ती नंतर. एखाद्या डोंगरावर मळलेल्या वाटेने वेगवेगळ्या वेळी जाऊन आल्यावरच त्याच्या आडबाजूला शिरावं, म्हणजे आपण कुठल्या सोंडेवर, डोंगरातून बाहेर आलेल्या कुठल्या धारेवर आहोत हे मान वर केल्याबरोबर समजतं.

वाट सोडून फिरायला परवानगी लागते का?

जमीन कोणाची आहे त्यावर ते ठरतं, आणि हे घरून निघायच्या आधी विचारून घ्यायचं.

अभयारण्यात आपल्या मनाने शिरता येत नाही. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं आणि ते संभाजीनगर व जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तिथे वन विभागाच्या परवानगीने आणि ते सांगतील त्याच वाटेने जायचं. येडशीजवळचं रामलिंग आणि बीड जिल्ह्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य यांनाही हेच लागू. राखीव वनात जायचं असेल तर आधी वनरक्षकाशी बोला. गावाचं गायरान, देवस्थानाचा डोंगर, खाजगी पडीक माळ इथे गावात विचारून फिरता येतं. या लेखात वाट सोडण्याबद्दल जे काही आहे ते अशाच जागांसाठी आहे.

किल्ल्यावर वाट सोडून तटाच्या बाजूने चढू नका. बऱ्याच ठिकाणी चुना निघून गेला आहे आणि दगड नुसते एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. एक निखळला की चारशे-पाचशे वर्षांचं काम घरंगळत खाली येतं, आणि खालून कोणी चढत असेल तर त्याच्या डोक्यावर.

वाट सोडल्यावर चालायचं कसं?

आपल्या डोंगरांत अगदी वाटच नाही अशी जागा क्वचित सापडते. मळलेली पायवाट सोडली की ढोरवाटा लागतात. गुरं चढाला सरळ भिडत नाहीत. ती उताराला आडवी, एकाच पातळीवर चालत राहतात आणि सोयीच्या जागी थोडी वर सरकतात. म्हणून ढोरवाटेने दम लागत नाही. गाई-म्हशींची वाट रुंद असते आणि ती हमखास पाण्यावर जाते. शेळ्यांची वाट बारीक असते, आणि तिच्यावर जास्त भरवसा ठेवायचा नाही: शेळी जिथे उभी राहते तिथे माणसाचा पाय मावत नाही. ताजं शेण, खुरांचे ठसे, बाभळीच्या खालच्या फांद्यांचा ओरबाडलेला पाला, हे सगळं पाहत पाहत जायचं.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे विचारणं. सकाळी नऊनंतर गुराखी किंवा मेंढपाळ डोंगरात कुठे ना कुठे असतोच. लांबूनच ‘राम राम मामा’ म्हणा, चार शब्द बोला, कुठून आलो, कोणाचे कोण ते सांगा आणि मग वाट विचारा. ‘हितून सरळ जाऊ नका, म्होरं कडा हाय. त्या पळसापून डावीकडं दाबा,’ एवढं एक वाक्य मोबाईलमधल्या कुठल्याही नकाशात मिळत नाही. मेंढरांसोबत कुत्री असतात आणि ती अंगावर येतात. पळू नका, दगड उचलू नका. जागेवर उभं राहून मालकाला हाक मारा.

मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि चाललेल्या वाटेची नोंद चालू ठेवा. ओढ्याच्या घळीत रेंज जाते. उपग्रहाच्या चित्रात झाडी दिसते, कडा दिसत नाही, हे लक्षात असू द्या.

कडा असा अचानक कसा लागतो? खालून तर डोंगर सोपा दिसत होता.

हा डोंगर घडला कसा ते समजलं तर याचं उत्तर मिळतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थराचा मुरूम होऊन उतार तयार होतो, टणक थर उभा कातळ म्हणून शिल्लक राहतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: उतार, मग उभा टप्पा, पुन्हा उतार, वर सपाट माथा. चढताना कातळाचा टप्पा समोर दिसतो आणि आपण वळसा घालतो. उतरताना तोच टप्पा पायाखाली असतो आणि वरून फक्त गवताचा सौम्य उतार दिसतो. कडेवर पोचेपर्यंत पुढे काही नाही हे कळतच नाही. दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं, म्हणून अशी कड शरदातही ओली आणि निसरडी असू शकते.

अजिंठ्याच्या रांगेत ही गोष्ट आणखी गंभीर होते. दक्षिणेकडून, म्हणजे कन्नड-सिल्लोडच्या अंगाने, जमीन हळूहळू चढत जाते. उत्तरेकडे ती एकदम तुटून तापीच्या खोऱ्यात खाली जाते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला गेलेल्या माणसाला ते माहीत असतं, पण माळावरून गप्पा मारत चालणाऱ्याच्या ते ध्यानात राहत नाही. तिथे उत्तरेकडे चालताना गवत कमरेएवढं असेल तर वेग कमी करा आणि काठीने पुढची जमीन चाचपा.

यावरून मी एक नियम कसोशीने पाळते: ज्या वाटेने चढलो नाही, त्या अंगाने पहिल्यांदा उतरायचं नाही. नवी बाजू पाहायची असेल तर ती चढायला ठेवावी आणि उतरताना ओळखीची वाट धरावी. उतारावर मुरूम पसरलेला असेल तर पाय आडवा टाका, गुडघे किंचित वाकवा आणि दोघांमध्ये अंतर ठेवा. एकामागे एक सरळ रेषेत उतरू नका, सुटलेला दगड खालच्याला लागतो.

वाट चुकलो तर ओढ्याने खाली उतरावं, असं सगळे सांगतात. बरोबर आहे का?

इथे नाही. ओढा खाली गावाकडेच जातो हे खरं, पण वाटेत तो प्रत्येक टणक थरावरून उडी मारतो. पावसाळ्यात ज्याला आपण धबधबा म्हणतो तोच शरदात कोरडा कडा असतो. घळीत उतरत गेलात तर अशा जागी अडकता, की पुढे उतरता येत नाही आणि मागे चढणं अवघड. घळीत घाणेरीची जाळीही दाट असते.

त्याऐवजी थांबा, पाणी प्या, आणि शेवटची ओळखीची जागा कुठे होती ते आठवून तिथपर्यंत मागे जा. ते जमत नसेल तर वर, सोंडेच्या धारेवर या. तिथून दिसतंही आणि रेंज मिळण्याची शक्यताही जास्त असते. संकटात ११२ लावा. अंधार पडलाच तर चालणं थांबवा. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात कोणाला तरी सांगून ठेवलेलं असेल तर शोधायला माणसं येतात. टपरीवर चहा घेताना ‘काका, आम्ही अमुक अंगाने वर जातोय, दुपारी तीनपर्यंत येतो’ एवढं सांगायला काय लागतं?

कुसळांनी जीव नकोसा होतो. काही उपाय?

शरदातल्या माळावरचा सगळ्यात नेमाने होणारा त्रास हाच, त्यामुळे नीट सांगते.

कुसळी गवताचं एक बी तळहातावर घेऊन बघा. टोक सुईसारखं, त्याच्या मागे तपकिरी बारीक केस, सगळे उलट्या दिशेला वळलेले, आणि त्यामागे बोटभर लांब पीळ पडलेली शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. ती हळूहळू फिरायला लागते. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून बी जमिनीत घुसतं. मोज्यात शिरलेलं कुसळ तेच करतं: घामाने ओलं होतं, फिरतं आणि आत सरकतं. केस उलटे असल्याने शेपटी धरून ओढलं तर शेपटी हातात येते आणि टोक आतच राहतं. म्हणून मोजा उलटा करायचा आणि टोक जिकडे बाहेर आलंय तिकडूनच पुढे ओढून काढायचं.

लोकरी आणि जाड सुती मोजे टाळा. घट्ट विणीची, गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला. घोट्यापासून पोटरीपर्यंत जुन्या नायलॉन साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या तर विकतच्या गेटरइतकंच (पोटरीवर चढवायच्या आवरणाइतकंच) काम होतं. घरच्या कुत्र्याला या दिवसांत माळावर नेऊ नका. त्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात कुसळ शिरतं आणि पिकतं.

खाजकुयली अंगाला लागली तर?

खाजवायचं नाही, चोळायचं नाही, पाणीही लगेच ओतायचं नाही. शेंगेवरची सोनेरी लव त्वचेत रुतलेली असते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, दोन-तीनदा. मग साबणाने धुवा. वेल झुडपांवर चढलेला असतो आणि शरदाच्या शेवटी शेंगा वाळतात, तेव्हा वाऱ्यानेही लव उडते. जाळीत शिरताना बाह्या खाली ओढून घ्या.

सापांची भीती वाटते.

काळजी घेतली तर भीती आटोक्यात राहते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. डोंगराच्या दगडाळ उतारावर फुरशाची आठवण ठेवा. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं, दिवसा दगडाखाली बसतं. चिडलं की अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. दगड उलटवू नका, कपारीत न बघता हात घालू नका, बसण्याआधी काठीने जागा झाडून घ्या.

दंश झालाच तर अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण काढा. तो हात किंवा पाय काठ्यांच्या आधाराने स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. घट्ट दोरी बांधणं, चीर देणं, तोंडाने ओढणं यांतलं काहीही करू नका. १०८ ला फोन करा आणि थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. आणि वाटेत मांत्रिकाकडे थांबू नका. गावातली मंडळी मायेपोटी आग्रह करतात, तरीही थांबू नका.

आग्यामोहोळ दिसलं तर?

मागे फिरा. कड्याच्या पोटाशी, लेण्यांच्या छपराला, किल्ल्याच्या दरवाजाच्या कमानीत ही पोळी असतात. धूर, तीव्र अत्तर, फटाके, मोठ्याने ओरडणं आणि दगड मारणं यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात हलवत उभं राहू नका. चादरीने, ओढणीने, उपरण्याने डोकं-तोंड झाका आणि गाडी किंवा बंद खोली गाठा. काटे नखाने खरवडून लगेच काढा. खूप डंख असतील, श्वास लागत असेल किंवा ओठ-डोळे सुजत असतील तर तात्काळ दवाखाना.

बिबट्या, रानडुक्कर?

दोन्ही आहेत, रोही आणि तरसही आहे. भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झाडीत फिरू नका, मुलांना मध्ये ठेवा, बोलत चाला. आडबाजूच्या गुहेत शिरू नका. आत काय आहे हे आत गेल्यावरच कळतं. साळिंदराचा काटा दारात पडलेला दिसला तर तो बघा आणि पुढे चला.

आभाळ स्वच्छ असेल तर विजेची चिंता नको ना?

परतीचा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर येतो. सकाळी निळं असलेलं आभाळ तीन वाजता काळं होऊ शकतं, आणि मराठवाड्यात माळावर वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाईलवर ठेवा. दुपारी ढग चढायला लागले की माथा सोडा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका. उघड्यावर अडकलात तर काठ्या बाजूला टाका, एकमेकांपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा.

पाणी आणि खाणं?

अर्ध्या दिवसाला माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखरेच्या पुड्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं बसलेली असतात, उकळल्याशिवाय पिऊ नका. डोंगरातल्या टाक्यात किंवा गुरांच्या पाणवठ्यात हातपाय धुऊ नका. तेच पाणी फाल्गुनापर्यंत कोणाची तरी जनावरं जगवणार असतं. खायला धपाटे आणि दशम्या सगळ्यात बऱ्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. पोळी उन्हात वाळते, धपाटे संध्याकाळपर्यंत मऊ राहतात.

शेतातून गेलं तर चालतं का?

बांधावरून, विचारून. कापूस वेचणीला आलेला असतो, तूर फुलात असते, रब्बीची ज्वारी नुकतीच उगवलेली असते. तिच्यावर पडलेलं प्रत्येक पाऊल शेतकऱ्याचं नुकसान आहे.

आणि एक फार महत्त्वाचं: डोंगराच्या कडेच्या शेतांना रानडुकरांसाठी तारेचं कुंपण असतं. काही ठिकाणी त्यात झटका मशीनचा प्रवाह असतो, काही ठिकाणी कायद्याने बंदी असूनही थेट विजेचा. अंधारात, पहाटे, ओल्या गवतातून कुठलीही तार ओलांडू नका, तिला हात लावू नका. ही तार माणसाचा जीव घेते.

डोंगरात सीताफळं लगडलेली असतात. तोडली तर चालतील?

बालाघाटात सीताफळाची झाडं उतारभर असतात, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण ते फळ कोणाच्या तरी चार पैशांचं असतं. कित्येक बाया पहाटे डोंगरात जाऊन पाट्या भरतात आणि रस्त्याच्या कडेला विकायला बसतात. मावशींकडून विकत घ्या. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पिवळसर-पांढऱ्या झालेलं फळ एक-दोन दिवसांत पिकतं. ते पिशवीत तळाला ठेवू नका.

एकट्याने जाऊ का?

ओळखीच्या वाटेने, कोणाला तरी सांगून, जा. वाट सोडून एकट्याने जाऊ नका. तिघं असावेत: एकाला लागलं तर एक जवळ थांबतो, एक मदत आणायला जातो.

चूल मांडून चहा करावा का?

नको. दसऱ्यानंतर गवत दर दिवसाला वाळत जातं. एक ठिणगी पूर्ण उताराचा चारा खाऊन टाकते, आणि त्या चाऱ्यावर गावातली गुरं उन्हाळा काढणार असतात. चहा थर्मासमध्ये न्या. विडी-सिगारेट तर नकोच.

परत आल्यावर आठवडाभराने ताप आला. डोंगराचा संबंध असेल का?

असू शकतो. पावसाळ्यानंतरच्या दाट गवतात आणि झुडपांत अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट नावाचे जीव असतात. त्यांची पिल्लं चावली की स्क्रब टायफस होऊ शकतो. चावल्यापासून साधारण सहा ते एकवीस दिवसांत थंडी वाजून ताप येतो, डोकं आणि अंग दुखतं. चावल्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली धरते, पण ती काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली असते आणि दुखत नाही, म्हणून नजरेतून सुटते. प्रत्येकाला ती दिसतेच असंही नाही. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, दुर्लक्ष केलं तर जिवावर बेततो.

म्हणून गवतात थेट बसू नका, सतरंजी अंथरा. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने घासून आंघोळ करा आणि अंग नीट तपासा. तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर डेंग्यू-मलेरियाच्या तपासणीबरोबर डॉक्टरांना स्वतःहून सांगा: मी अमुक तारखेला डोंगरात गवतातून फिरलो होतो. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, आणि खपली दिसली असेल तर तीही दाखवा.